सांताक्रूझला दादाची भेट

कोल्हार, मंगळवार, १४ मार्च १९७२

आई आणि मी आज मुंबईहून परतलो. दादाचं लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान सांताक्रूझला चारच तास थांबणार होतं. "त्याला घरी येता येत न्हाई, तर आपन जाऊ," आई हटूनच बसली. तिची नजर वर्षभरात जाईल, असं डॉक्टर म्हणालेत. दादाला सांगायचं नाही, ही तिची ताकीद.

विमानतळाबाहेरच्या बाकावर तो भाकरी खात भरभर बोलत होता. आई नुसती बघत होती.

"आई, बोल ना काहीतरी."

"बोलनं पत्रातबी व्हतं. आता मला नीट बघू दे."

दादाने हातातली भाकरी बाजूला ठेवली. मी तर काही सांगितलं नव्हतं. मग त्याला कळलं कसं? त्याने हळूच चष्मा काढला आणि निघेपर्यंत तोंड उन्हाकडे करून बसून राहिला.