टप टप टप, हुश्श

४ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण जबाबदारी वाढली आहे. कन्येच्या शाळेतल्या पालकसभेत 'पडद्यावरचा उघडेपणा आणि कोवळी मनं' या समितीचा अध्यक्ष म्हणून काल माझी बिनविरोध निवड झाली. कोण तयार आहे, असं मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं तेव्हा बाकीचे पालक बाकाखाली पडलेलं काहीतरी शोधत होते. मी तेवढा ताठ बसलो होतो. नेतृत्व असंच पुढे येतं.

घर : सुरुवात स्वतःच्या घरापासून. कन्या पंधरा वर्षांची, धोक्याचं वय. संध्याकाळी सातनंतर तिचा मोबाइल माझ्या कपाटात. तिने एक शब्द न बोलता आणून दिला. एवढा आज्ञाधारकपणा संशयास्पद आहे. लक्ष ठेवणे.

दुकान : आपल्या बाथरूम शोरूमचं नवं होर्डिंग शाळेच्या कोपऱ्यावर लागलं. जागा मीच निवडली. मुलांना सोडायला आणि न्यायला पालक दोनदा येतात, सिग्नलला थांबतात, वर बघतात. होर्डिंगवर आपला नवा शॉवर, खाली एक बाई, भरपूर वाफ. अत्यंत कलात्मक. मूळ फोटोत बाईंपुढे शॉवर लहान दिसत होता, म्हणून कॉम्प्युटरवाल्याला सांगून त्यांचे खांदे आणि कंबर निम्मी करून घेतली. आता शॉवर उठून दिसतो.

९ जानेवारी
दुकान : मेहुण्याने शोरूमची रील काढली. त्याच बाई, तोच शॉवर. पाण्याचे तीन थेंब आणि मग बाईंचा सुस्कारा : टप, टप, टप, हुऽऽश्श. एवढीच धून, पण एकदा कानात शिरली की भाड्याने राहायलाच येते. मी दिवसभर गुणगुणतोय. हिशेब करताना, गाडीत, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा. तसा मी टेन्शनमध्ये काही ना काही गुणगुणतोच, आमच्या हिला ठाऊक आहे. आता निदान स्वतःच्या मालाचं गुणगुणतो.

घर : मेहुणा घरचा माणूस, तरी हिने आपल्या सख्ख्या भावाचं कौतुक केलं नाही. रील पाहिली आणि म्हणाली, की लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं म्हणाली नाही. बहुतेक मुख्याध्यापिकाबाईंबद्दल असावं.

१३ जानेवारी
मुलांना घाण दिसू नये म्हणून घरच्या सगळ्या मोबाइलवर फिल्टर अॅप टाकलं. पैसे भरून. अध्यक्षाने फुकटचं वापरू नये.

अॅप भिकार निघालं. टाकल्या टाकल्या आपल्या शोरूमचं पान बंद केलं. कारण दिलंय, 'प्रौढांसाठीचा मजकूर'. कंपनीला सविस्तर कळवलं, की बाथरूम फिटिंग हा सन्माननीय व्यवसाय आहे आणि आंघोळ लहानथोर सगळेच करतात. शेवटी माझ्या मोबाइलवरून ते काढून टाकलं. बाकी दोघींच्या मोबाइलवर राहू दिलंय. शिस्त म्हणजे शिस्त.

२० जानेवारी, दुपारी
घर : कन्या पोहायला गेली नाही. सलग चौथ्यांदा. आधी कान दुखत होता, मग पोट, आज गृहपाठ. ८ मार्चला विभागीय निवड आहे. ही पोरगी चालायच्या आधी टबमध्ये हातपाय मारत होती. बटरफ्लाय प्रकारात शाळेत तिच्या जवळपास कोणी नाही. सर म्हणतात, मनावर घेतलं तर ती फार पुढे जाईल. मला तिचा अभिमान आहे, हे मी तिला बोलून दाखवत नाही. पोरं डोक्यावर बसतात.

जेवताना तिने विचारलं, की बाबा, माझे खांदे फार रुंद आहेत का. मी म्हणालो, छे, दाराची चौकट त्याहून इंचभर रुंद असेल. गंमत केली. ती हसली नाही. ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठली. मोबाइलमुळे मुलांची विनोदबुद्धी संपते, हा मुद्दा भाषणात घेणे.

दुकान : विक्री जोरात. शाळेच्या रिक्षातली मुलं होर्डिंगखालून जाताना एकसुरात टप टप टप हुश्श करतात. मेहुणा म्हणतो, याला ब्रँड रिकॉल म्हणतात. कंपन्यांची आयुष्यं जातात हे मिळवण्यात.

२७ जानेवारी
पोहण्याच्या सरांचा फोन. कन्या अधूनमधून येते, पण पोहण्याच्या पोशाखावर टी-शर्ट घालून उतरते. ओला टी-शर्ट अंगाला ओढतो, वेग पडतो. निवडीच्या दिवशी तो चालणार नाही, पंच बाद करतील. इतर दोघी-तिघी मुलीही तसंच करायला लागल्यात. घरी काही झालंय का, असं विचारत होते.

मी ताबडतोब निदान केलं : मोबाइलवर पाहिलेली फॅशन. घरी येऊन तिचा मोबाइल कायमचा जप्त केला आणि बटणांचा जुना फोन दिला. रडली नाही, भांडली नाही. बटणाच्या फोनकडे बघून ठीक आहे म्हणाली.

ही म्हणाली, की दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी विचारलं, यात म्हैस कोण. तर भांडी घासायला लागली. या घरात सरळ उत्तर मिळत नाही.

३ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. वाटलं, भाषणाबद्दल असेल. चहा दिला आणि खिडकीपाशी उभं केलं. खिडकीत आपलं होर्डिंग अगदी समोर येतं, पूर्ण. जागेची निवड किती अचूक आहे, हे तिथून कळतं. बाई म्हणाल्या, की दहावीचा वर्ग याच बाजूला आहे. मुलगे एकेका मुलीला त्या चित्राशेजारी उभं करून मार्क देतात, मुलींनी डबा खाणं कमी केलंय, तेव्हा ते काढता येईल का.

काढणार कसं? करार मार्चअखेरपर्यंत आहे. पण मी समितीचा अध्यक्ष आहे, हटवादी नाही. मध्यम मार्ग सुचवला : बाईंना टॉवेल. पेंटरला वर चढवून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा टॉवेल रंगवून घेतो. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना ही कल्पना सुचली नव्हती, हे उघड होतं.

८ फेब्रुवारी
टॉवेल झाला. पेंटरची दुपारी घाई होती आणि रंगही कमी पडला. त्यामुळे टॉवेल खांद्यापासून सुरू न होता जरा खाली सुरू होतो आणि गुडघ्याच्या बराच वर संपतो. शिवाय एका बाजूला उतरता झालाय. आता घसरतो की मग घसरतो, असं खालून वाटतं. नीट पाहणाऱ्याला नाही वाटणार. पण सगळेच नीट पाहतायत. सिग्नल हिरवा झाला तरी गाड्या हलत नाहीत.

ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मेहुणा मात्र आनंदाने वेडा झालाय. आधी तिथे नुसतं चित्र होतं म्हणे, आता गोष्ट तयार झाली. त्याने नवी रील केली : टप, टप, टप, हुश्श, आणि प्रश्न, 'आज तरी पडणार का?' पोरं होर्डिंगखाली उभी राहून व्हिडिओ काढतायत. व्ह्यूज इतके, की मेहुण्याने मोजणं सोडलं. मी सभ्यतेसाठी एक पाऊल उचललं आणि समाजाने त्याचं हे केलं. समाज नासलाय. विक्री दुप्पट.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी
भाषण झालं. अप्रतिम. पडद्यावर दाखवतात ती शरीरं खोटी असतात, कॉम्प्युटरवर कापूनकुपून केलेली असतात, हे मी अधिकारवाणीने सांगितलं. शेवटी आवाज चढवून सभागृहाला विचारलं, की हा उघडेपणा पोसतं कोण?

मागच्या रांगेतून, टप टप टप. आणि सगळ्या सभागृहाने मिळून हुश्श.

लोकप्रियतेचीही काही वेळ असते. शिक्षक खाली बघत होते. काही खोकत होते. कन्या पाचव्या रांगेत होती, दप्तर छातीशी धरून बसली होती. तिला माझा अभिमान वाटला असणार. घरी येताना गाडीत पुढे बसली नाही, मागे बसली.

२६ फेब्रुवारी
आज कन्या बोलली. जेवताना, ताटाकडे बघत, एका दमात.

निवडीला जाणार नाही म्हणाली. तलावावर मुली कपडे बदलून बाहेर आल्या, की गॅलरीतले मुलगे ती धून सुरू करतात. बाहेर पडण्यापासून पाण्यात उडी मारेपर्यंत. हुश्श कुणाच्या वाट्याला मोठं येतं, यावर पैजा लावतात. तिच्या वाट्याला सगळ्यांत मोठं येतं, कारण शॉवर तिच्या बाबांचा. कुणीतरी तिला विचारलं, की घरी टॉवेल आहेत ना. पाण्यात असते तेव्हा काही ऐकू येत नाही, म्हणून पाण्यात बरं वाटतं, पण पाण्यापर्यंत जायचं असतं ना बाबा, असं म्हणाली. आणि मग, की त्या बाईंचे खांदे खरे किती होते?

मी म्हणालो, की मुलं काय, कशालाही हसतात, दुर्लक्ष करावं. खांद्यांबद्दल म्हणालो, आठवत नाही. आठवतं. खरे खांदे चांगले भरदार होते. तिच्यासारखेच.

हे इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगायची गरज नाही.

पण मी हातावर हात ठेवून बसणारा बाप नव्हे. तिला शब्द दिला : ८ मार्चला मी स्वतः गॅलरीत बसतो. समितीचा बिल्ला लावून. जो तोंड उघडेल त्याला कॉलरला धरून बाहेर काढतो. तू फक्त पोह. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हणालो, बाप आहे मी तुझा. मग ती पोळीचा दुसरा तुकडा घेऊन जेवली. बऱ्याच दिवसांनी.

होर्डिंगचं मार्चअखेर बघू. आठ दिवसांत सर्वांत मोठी विक्री अपेक्षित आहे.

२ मार्च
कन्या रोज पोहायला जातेय. टी-शर्ट घालूनच, पण जातेय. सर खूश. बघा, समस्येच्या मुळाशी गेलं की असं होतं. हिला म्हणालो, तर म्हणाली, काखेत कळसा गावाला वळसा. हिच्या म्हणींचं एक वेगळं पुस्तक निघेल.

८ मार्च
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

लवकर जाऊन गॅलरीत मधोमध बसलो. बिल्ला लावला. मागच्या मुलांकडे एकदा वळून असं बघितलं, की सगळे गप्प. देवळात असतात तसे नव्हे, पण गप्प. हीसुद्धा शेजारी, हात घट्ट आवळून.

मुली बाहेर आल्या. कुणी काही बोललं नाही. कन्या तिच्या जागी जाऊन उभी राहिली. तिने वर बघितलं, मला शोधलं. मी मान हलवली. मग तिने टी-शर्ट काढला, घडी करून खाली ठेवला आणि चष्मा लावला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती सरळ उभी होती. काय खांदे आहेत पोरीचे. कुठलाही कॉम्प्युटर असे खांदे करू शकणार नाही. टेन्शनने माझी बोटं कठड्यावर वाजत होती.

आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग एक जण सुरू झाला, मग रांग, मग सगळी गॅलरी. टप टप टप. मी ताडकन उठलो. बोट रोखून ओरडलो, की कोणी सुरू केलं, हिंमत असेल तर समोर या. कुणीच पुढे येईना. सगळी मुलं माझ्याकडेच बघत होती.

हिने माझं मनगट धरून खाली बसवलं. अगदी हळू म्हणाली, अहो, तुम्ही. मी म्हणालो, मी काय. म्हणाली, तुम्ही गुणगुणत होता. मघापासून. तुम्हीच सुरू केलंत.

खाली बघितलं. कन्या माझ्याकडेच बघत होती. तिने वाकून टी-शर्ट उचलला आणि अंगात घातला. पंच तिच्याजवळ जाऊन काही बोलले, तिने नाही अशी मान हलवली आणि ती मागे फिरली. शिट्टी झाली. बाकीच्या मुलींनी उड्या मारल्या. तिच्या पट्ट्यातलं पाणी तसंच राहिलं.

९ मार्च
होर्डिंग उतरवलं. करार गेला खड्ड्यात. मेहुण्याला रील काढून टाकायला सांगितली. त्याने काढली. पण ती आता शेकडो लोकांनी आपापल्या नावाने लावलीय म्हणे, आणि धून तर आपल्या हातात उरलेलीच नाही. त्याने सांत्वन म्हणून सांगितलं, की एवढं यश फार कमी जणांना मिळतं.

समितीचा राजीनामा दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच स्वीकारला.

कन्येची माफी मागितली. ती ठीक आहे म्हणाली. बटणाच्या फोनकडे बघून म्हणाली होती, तसंच.

१२ मार्च, सकाळी
कोपऱ्यावर आता नुसता लोखंडी सांगाडा आहे. दुकानात गर्दी कमी. कन्या शाळेत जाते, सरळ घरी येते.

आज बाथरूममध्ये दाढी करत होतो. बाहेरून दारावर थाप पडली. कन्या होती. 'बाबा', एवढंच म्हणाली. रागाने नाही. नळ चालू राहिला, की आपण 'नळ' म्हणतो, तसं.

मग माझ्या लक्षात आलं आणि मी थांबलो. उरलेली दाढी ओठ मिटून केली. दोन ठिकाणी कापलं.