तुपाची दवंडी

आबा, तुम्ही असताना मला लिहिता येत नव्हतं. अक्षरं फार पुढं, लेकाच्या पाटीवर शिकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तेलगावच्या चावडीपुढचे तुम्ही डोळ्यांपुढून हलत नाही.

धनगरांच्या वस्त्यांवरून लोणी आणायचं, घरी कढवायचं आणि आपल्या दिंद्रुडच्या आणि तेलगावच्या बाजारात विकायचं, हा तुमचा धंदा. 'तूप घ्यावं तर यांचंच,' असं लोक म्हणायचे. मग एका लग्नघरी पंगतीत तूप वाढताना डब्याच्या तळाशी मेलेली पाल निघाली. पंगत उठली. त्या घरचा कर्ता माणूस डबा घेऊन आपल्या दारात आला आणि तुम्ही म्हणालात, "माझ्या घरून डबा झाकून गेलता." झाकण रात्रभर उघडं राहिलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मायलाही. तिनं त्याच दिवशी सांगितलं, "आवं, आपलंच चुकलं म्हना. एका घरची गोष्ट हाय, तितंच मिटंल." तुम्ही म्हणालात, "कबूल केलं तर उद्या कोन घेईल?"

आणि तुम्ही गावोगाव दवंडी पिटवलीत.

मी तेव्हा तेलगावात सासरी नवी होते. आडावर पाणी शेंदत होते, तेवढ्यात हलगी वाजली. दिंद्रुडच्या तुपात पाल न्हाई, कुनी खोट्यावर इस्वास ठेवू नये, असं तो हलगीवाला ओरडत गेला. शेजारीण दोर धरून तशीच उभी राहिली. "पाल? कशात पाल?" तिनं विचारलं. तोवर तेलगावात कुणाला काही माहीत नव्हतं. दिवेलागणीला घरोघरी तेच चाललं होतं, आणि सासूबाईंनी फोडणीला तुपाऐवजी तेल घेतलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. चावडीपुढं डबा उघडून, लोकांदेखत वाटीमागून वाटी तूप प्यायला लागलात. चावडीसमोरच आमचं घर, मी दाराच्या फटीतून बघते आहे. तुमच्या मिशांवरून तूप ओघळतंय, पोरं हसताहेत, आणि तुम्ही थांबत नाही. मग तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात आणि तुम्हाला भडाभडा ओकारी झाली. कुणीतरी म्हणालं, "निघाली बे पाल." सगळी चावडी हसली. सासरे मागं येऊन हळूच म्हणाले, "तुजे वडील हायेत न्हवं?" तांब्या भरून तुमच्याकडं गेल्या त्या सासूबाई. मी आत जाऊन जात्यापाशी बसले.

शेवटी माय एकटी त्या लग्नघरी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "चूक आमची हाय. झाकन उघडं राहिलतं." तुम्ही तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. पण त्या घरच्या म्हातारीनं तिला आत बोलावून पाणी दिलं, आणि पुढच्या सणाला तूप आपल्याकडूनच नेलं. तिचं बघून दिंद्रुडची माणसं हळूहळू परत आली. तेलगावची आली नाहीत. तिथं तुमचं नाव 'पालवाले' पडलं ते पडलंच. माझ्या लेकाला पोरं पालवाल्याचा नातू म्हणायची. तो रडत घरी आला की मला त्या पोरांचा नाही, तुमचा राग यायचा. माणूस खोटं सांगतो ते सांगतो, वर हलगी कशाला लावतो, असं मनात म्हणायचे.

आता लेकाचं परळीत दुकान आहे. मी घातलेलं लोणचं तिथं विकलं जातं. परवा एक बाई बरणी घेऊन आली. वर पांढरी बुरशी होती. त्या खेपेला मीठ कमी पडलं होतं, ते मला घालतानाच कळलं होतं. दुकानात चार माणसं होती. मी म्हणाले, "आमच्या घरून चांगलं गेलतं. तुमचाच वला हात लागला असंल." ती बरणी पदराखाली धरून निघून गेली.

हा कागद मी घडी करून ठेवणार आहे, दुसरं काय करणार? ती बाई आमच्या मागच्याच आळीत, देवळाच्या वाटेवर राहते. तिच्या दारी जावं असं रोज ठरवते. आणि आबा, आज सकाळी देवळात जाताना मी लांबचा रस्ता धरला.