टाचेखालची चुंबळ

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी रागावून घे, मग पुढे वाच. फोन पुन्हा गेला. यावेळी कालवलेल्या सिमेंटमध्ये पडला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत एका जिन्याची पायरी झाला. तेव्हा आता पत्र. तसंही फोनवर तू मला कुठे बोलू देतेस.

बातमी अशी की नोकरी लागली, आणि ही टिकणार आहे. हसू नकोस. बिनवायरची वीज बसवणाऱ्या कंपनीत फिटर झालोय. ताटाएवढी एक तबकडी असते. ती भिंतीला किंवा फरशीवर बसवायची, तिची एकच वायर भिंतीतल्या खोबणीत जाते, बस. मग त्यांचाच दिवा, त्यांचाच पंखा खोलीत कुठेही नुसता ठेवला की सुरू. पहिल्या दिवशी मी दिवा हातात घेऊन खोलीभर वेड्यासारखा फिरलो. उस्ताद, म्हणजे आमच्या टोळीचा मुख्य फिटर, म्हणाला की लग्नातही लोक एवढे खूश दिसत नाहीत.

आता कामाचं. बाबा उन्हाळ्यात पंख्याच्या वायरीत पाय अडकून पडले ते मला अजून दिसतं. जन्मभर वायरमनकी केली, खांबावरून कधी घसरले नाहीत, आणि स्वतःच्या खाटेजवळ पडले. लकव्यानंतर तो डावा पाय त्यांचा असून त्यांना विचारत नाही, त्याला कुणी काय करावं. त्यांच्या खोलीत एकही वायर जमिनीवर नसावी, एवढंच माझ्या डोक्यात आहे. कंपनी प्रत्येक फिटरला घरासाठी एक संच देते. तबकडी, दिवा, पंखा आणि बाबांच्या हवेच्या गादीसाठी पंप, सगळं आमच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. बसवून तोच देईल.

बाबांना नमस्कार सांग, आणि त्यांनी मला शिव्या दिल्या तर त्या जशाच्या तशा लिहून पाठव. लोभ आहेच, फोनपायी कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

*

१३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे एका जागी राहण्याच्या कामी लाव.

संच पोचला. शिव्या मागितल्यास म्हणून सांगते, बाबा म्हणाले की वायर दिसते म्हणून माणूस जपतो, न दिसणाऱ्याला काय डोंबल जपणार. वर असंही म्हणाले की वायर नको म्हणजे वायरमनही नको, पोरानं बापाला घरबसल्या निवृत्त केलं. पण गाडीवाला तबकडी बसवत होता तेव्हा सबंध वेळ मान उंचावून बघत होते. त्याचा स्क्रू वाकडा गेला तेव्हा बाबांचा चेहरा उजळला.

मला स्वतःला फार बरं वाटलं. जमीन मोकळी झाली. आता त्यांना धरून खुर्चीपर्यंत नेताना खाली बघावं लागत नाही.

दोन गोष्टी. एक गंमत, एक तक्रार. गंमत ही, की नर्सबाई सांगून गेल्या होत्या, डाव्या पायाची टाच गादीवर टेकू देऊ नका, जखम होईल आणि त्यांना कळणारही नाही, कारण त्या पायाला ना टोचणं कळत ना चटका. मी उशा लावून थकले. शेवटी बाबांनी स्वतःच तोड काढली. त्यांच्या पेटीतलं तांब्याच्या वायरीचं वेटोळं काढायला लावलं, त्यावर जुनं धोतर गुंडाळलं, आणि झाली चुंबळ. घागर डोक्यावर बसते तशी टाच मधोमध बसते. वायरीची दोन्ही टोकं त्यांनी आधी सोलून एकमेकांत पीळ घालून ठेवली होती, ते त्यांचं नेहमीचंच. टोक मोकळं सोडलं की कुणाच्या तरी डोळ्यात जातं, हे आपण दोघांनी लहानपणापासून जेवढं ऐकलंय तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

तक्रार ही, की तुझी तबकडी कुरकुरते. चांगली चालते, मग कुईं कुईं करून बंद पडते. पंप थांबला की बाबांची गादी बसते. गाडीवाला तर गेला. काय करायचं ते लगेच कळव.

लोभ आहे, तुझ्या अक्षरावर मात्र नाही.

ताई

*

१९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चुंबळ वाचून इथे सगळ्यांना ऐकवली. उस्ताद म्हणाला, असा म्हातारा टोळीत पाहिजे.

कुरकुरीचं कारण सोपं आहे. बाबांची खाट लोखंडी. तबकडीला जवळपास परका धातू जाणवला की ती घाबरते आणि बंद पडते. चांगल्यासाठीच असतं ते, पण प्रत्येक घरात काही ना काही लोखंड असतंच. म्हणून आम्ही काय करतो, तिची ओळख करून देतो. आमच्यात त्याला ओळखच म्हणतात. तबकडीच्या कडेला एक खोलगट बटण आहे, ते पेनच्या टोकानं दाबून धरायचं, दिवा लुकलुकून स्थिर झाला की सोडायचं. त्या वेळी खोलीत जे काही असेल ते ती घरचं समजते आणि पुन्हा कधी ओरडत नाही. खाट थोडी कोमट होईल, तेवढं चालतं.

चुंबळीवरून आठवलं, बटण दाबण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की करायची, तीच सगळ्यात महत्त्वाची. परवा एका बाईंकडे मी हेच समजावून सांगत होतो, गुडघ्यावर बसून, एकदम साहेबी थाटात, आणि त्यांच्या मांजरानं मागून येऊन आमच्या गोंदाच्या डब्यात चारही पाय घातले. मग ते पळालं. भिंतीवरून, बाईंच्या नव्या पडद्यावरून, उस्तादाच्या पाठीवरून. शेवटी कपाटाच्या माथ्यावर बसलं आणि तिथेच चिकटलं. बाई रडतायत, उस्ताद ओरडतोय, आणि मी स्टुलावर उभा राहून मांजराला कोमट पाण्यानं सोडवतोय. माझ्या हातावर अजून ओरखडे आहेत. जाताना बाईंनी चहा दिला आणि मांजराला घेऊन जाता का म्हणून विचारलं. मी जवळजवळ हो म्हणणार होतो.

गाडी हॉर्न देतेय. उद्यापासून वरच्या वस्त्यांकडे काम आहे, पत्र ऑफिसच्या पत्त्यावर घाल, ते पुढे पाठवतात. बाबांना नमस्कार. मांजराचं त्यांना वाचून दाखव.

लोभ तसाच चिकटलेला असो.

धाकटा

*

२७ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मांजर दोनदा वाचून दाखवावं लागलं. बाबा हसता हसता खोकले.

ते महत्त्वाचं काय होतं? एक गोष्ट म्हणालास आणि मांजराच्या मागे गेलास, नेहमीप्रमाणे. दोन दिवस थांबले, पण पंप सारखा बंद पडत होता आणि पाठीवर लाल डाग दिसायला लागला, तेव्हा दाबलं एकदाचं बटण. तेव्हापासून तबकडी चिडीचूप आहे. देव तिचं भलं करो. खाट कोमट होते तू म्हणालास तशी. या थंडीत ते बरंच पडतं. बाबा तर म्हणतात, सुनेनं अंथरूण गरम करून ठेवावं तसं वाटतं, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणतात की सून कुठून येणार, पोराच्या पायाला भिंगरी आहे.

तरी ती गोष्ट कळव. जिवाला उगीच चुटपुट नको.

लोभ वाढता असू दे, पत्रं त्याहून वाढती.

ताई

*

५ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

ऑफिसला फोन केला. तू वर कुठे आहेस ते त्यांना माहीत नाही, तिथे फोन लागत नाहीत म्हणाले. म्हणून हे त्यांच्याच हाती देते आहे.

बाबांची डावी टाच भाजली आहे. खोलवर. सकाळी अंग पुसताना वास आला आणि मी पांघरूण काढलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, ते मला विचारत होते की तू का रडतेस. डॉक्टरांनी विचारलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली होती का. नाही म्हटलं. शेगडी? नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निष्काळजी तरी आहे नाहीतर खोटारडी. जखम आत सडते आहे, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल असं म्हणतात, आणि साखर वाढलेली असल्यानं तेवढ्यानं वाचतील याचीही खात्री देत नाहीत.

चुंबळ मी उचलली तेव्हा धोतर आतून काळं पडलं होतं. तबकडी काढून अंगणात टाकली आहे.

 बाबांनी तुझं मांजराचं पत्र मागून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवून राहिले. बटण दाबण्याआधी काय करायचं होतं, एवढंच त्यांना हवं आहे. दोष सापडल्याशिवाय त्यांनी कधी काम सोडलेलं नाही, तुला ठाऊक आहे.

ताई

*

९ जानेवारी

ती. ताईस,

ते वाक्य असं. बटण दाबण्याआधी खोलीतला सगळा सुटा धातू बाहेर काढायचा, आणि आधी काढायचं ते जोडलेल्या टोकांचं वेटोळं. तबकडीची वीज वेटोळ्यात शिरते, बाहेर पडायला वाट नसली की आतल्या आत फिरते आणि तापते.

चुंबळ आत असताना ओळख झाली. तबकडीनं तिला घरचं मानलं.

तू सगळं लिहिलं होतंस. वायर, पीळ, टाच, सगळं. मी ते लोकांना ऐकवून हसलो. आत्ता तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. निघतोच आहे. आज गाडी नाही, चालत खाली उतरतो; पत्र डाकवाल्याच्या सायकलवर आधी पोचेल.

बाबांना सांग की दोष टोकांत नव्हता. टोकं त्यांनी बरोबरच बांधली होती.

धाकटा

*

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हे खालच्या गाडीतळावर ठेवते आहे. तू तिथूनच गाडी बदलणार.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं, आणि मग मला म्हणाले की त्याला विचार, बाकीच्या घरांत हे वाक्य सांगितलं होतंस का. मी म्हटलं, बाबा, आता तुमचा पाय बघायचा की लोकांची घरं. ते म्हणाले की माझ्या घरातला दोष मला कळला, त्यांच्या घरातला त्यांना कळलेला नाही. आधी ती घरं, मग मी. हे त्यांचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही. मला तर तू आत्ता दारात हवा आहेस.

परवा पाय काढणार आहेत. तू काय ठरवशील ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. मला नीट सांगता येणार नाही.

ताई

*

१९ जानेवारी

चि. धाकट्यास,

बाबा काल गेले. पाय काढल्यावर ताप उतरलाच नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी चुंबळ मागितली. मला द्यायची नव्हती, पण त्यांनी हात पुढे केला तो केलाच. वरचं गुंडाळलेलं धोतर काढलं, पीळ उलटा फिरवून दोन्ही टोकं सुटी केली आणि वायर सरळ करत बसले. उजवा हात तेवढा चालत होता. पुरी सरळ झाली नाही.

मी तुला बोल लावत नाही. लावावासा वाटतो, मग आठवतं की बटणावर बोट माझं होतं. 

ऑफिसवाले म्हणतात तू परत वर गेलास. कुठल्या घरी तुला हे पत्र मिळेल देव जाणे. आता घाई करू नकोस. राहिलेली घरं पुरी करूनच ये.

ताई

*

२१ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला स्वतंत्र पत्र पहिल्यांदाच लिहितोय. ताईकडून वाचून घ्या.

तुमचा निरोप गाडीतळावर मिळाला आणि मी उलटा फिरलो. मालकांनी सुट्टी दिली नाही, तेव्हा नोकरी सोडून फिरतोय. उस्ताद दोन दिवस शिव्या देत होता, तिसऱ्या दिवशी पान्हा घेऊन माझ्याबरोबर निघाला. ज्या ज्या घरी मी ओळख करून दिली होती तिथे जातो, खोली रिकामी करतो, बटण दाबतो, मग वस्तू एकेक करून आत आणतो. लोक दारात उभं करतात, वैतागतात. बहुतेक ठिकाणी काही सापडत नाही. एका घरी बाळाच्या पाळण्यात, दुपट्याखाली, घडीच्या मच्छरदाणीचं तारेचं गोल कडं होतं, खोळ घातलेलं. हात लावला तर गरम होतं. बाळाची आई मला चहा देत होती. मी कडं बाहेर नेलं आणि बाहेरच बसून राहिलो.

मांजराच्या बाईंकडेही जाऊन आलो. तिथे जे झालं ते घरी आल्यावर सांगीन, आत्ता नाही.

शेवटचं घर उद्या. मग मी सरळ तुमच्याकडे, मध्ये कुठेही थांबणार नाही. ऑपरेशन झालं असेल. पाय गेला म्हणून मन छोटं करू नका, खुर्चीला चाकं मी बसवीन. आणि येताना वायर आणतो, लांब, जाड, पिवळी, भिंतीवरून उघडी नेऊ, सगळ्यांना दिसेल अशी. कुठून कशी न्यायची ते तुम्ही खाटेवरून सांगा. मी यावेळी शेवटपर्यंत ऐकेन.

लोभ असू द्या, निदान मी पोचेपर्यंत.

तुमचा,
भिंगऱ्या