आचलची मॅडम

प्रिय पौर्णिमा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाहून सोडून देतेस, म्हणून कागद घेतला. रागात लिहीत नाही. म्हणजे सुरुवात रागातच केली होती, ते पान फाडलं.

आचलनं शाळेत जाणं बंद केलं आहे. दहावीचं वर्ष, आणि ही पांघरूण घेऊन पडून राहते. आई बडनेऱ्याला फोन करून मलाच विचारते, "काहून जात नाही रे ते?" मी काय सांगू? मी स्वतः कॉलेज अर्ध्यात सोडून इथं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलेला. परवा अकोल्याला घरी गेलो, तिच्यावर ओरडलो, तर थंडपणे म्हणाली, "तू सोडलं तवा तुले कोणी बोललं का, दादा?"

शाळेत समुपदेशक कशाला असतात, मला खरंच माहीत नव्हतं. पोरगी सारखी त्या खोलीत जाऊन बसते म्हटल्यावर आई घाबरली होती, "लोक म्हणतीन, पोट्टी येडी झाली." पण आचल तर सुधारत होती. गणिताच्या पेपरच्या सकाळी तिला उलट्या व्हायच्या, त्या थांबल्या. जेवताना बोलायला लागली. सारखं आपलं "मॅडम म्हणते, मॅडम म्हणते." म्हटलं, कोण ही मॅडम, पाहतोच. शाळेत येऊन त्या खोलीचं दार ढकललं, तर खुर्चीत तू.

अमरावतीचं कॉलेज सुटल्यापासून तुला पाहिलं नव्हतं. आलो होतो भाऊ म्हणून, आणि एका क्षणात कोण झालो ते कळलं नाही. आचल तुला काय सांगते, असं विचारलं. तू म्हणालीस, "ते तिचं आहे. मी सांगणार नाही." झालं, भडकलो. आचलसमोर, शिपायासमोर बोललो, की मला सोडलंस तेव्हाही काहून ते सांगितलं नव्हतंस. वर दुकान बुडवून रोज शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो, तू निघशील म्हणून.

मग तू आचलला शाळेतल्या दुसऱ्या समुपदेशक, महेजबीन मॅडमकडे दिलंस. त्या चांगल्या आहेत असं आचल म्हणते, पण "त्याईले सारं पयल्यापासून सांगा लागते," आणि त्यानंतर ती शाळेसाठी पांघरुणातून उठलीच नाही. मी महेजबीन मॅडमकडे भांडायलाच गेलो. त्यांनी आधी चहा पाजला. म्हणाल्या, "बेटा, ओळखीच्या घरचं पोर आम्ही शक्यतो घेत नाही. बोलताना त्या पोराला दुसऱ्या कोणाचा विचार करावा लागू नये. आणि तुम्ही फाटकावर उभे! पोरगी मोकळं बोलणार कशी?" परतीच्या गाडीत हेच डोक्यात. तुझ्यावर चिडू, त्यांच्यावर, की कोणावर, काही समजून नाही राहिलं.

म्हणून लिहितो. जमत असेल तर आचलला परत घे. नियमात बसत नसेल, तर एकदाच तिच्याशी बोल आणि महेजबीन मॅडमकडे जा म्हण. तुझं ती ऐकेल, माझं नाही. फाटकावर मी येणार नाही. तुझा नंबर काढून टाकला. पाठ आहे, त्याचं काय करू ते माहीत नाही. मला का सोडलंस, हे कळलं नाही तरी चालेल. चालेल असं लिहिलंय खरं. उत्तर पाठवू नकोस, ती शाळेत गेली की आई सांगेलच. खाली "तुझाच" लिहून खोडलंय, ते दिसेल तुला.

आचलचा भाऊ,
गजेंद्र