चाँद दिसायच्या आत सही

१३ फेब्रु. १९९६, मंगळ. रोजा २३
जेलवर नवऱ्याची भेट. इक्बालचा ओठ फाटलेला, पुढचा दात नाही. "पडलो." कुठं पडलास रे, कुणाच्या मुठीवर? हाताने ओठ झाकला. मीच जाळीवर हात आपटला. शिपाई अरबीत ओरडला, "यल्ला, खलास." वेळ संपली.
कंपनीच्या त्या फोरमनने आधी पाइप हाणला. मग इक्बालने पाना उचलला. कोर्टाने फोरमनचा मोडलेला हात तेवढा बघितला. तीन वर्षं! अपिलाची मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत. वकिलाने जबाब टाइप करून दिलाय, म्हणाला, बघणाऱ्याची सही आणा. नाहीतर अपील म्हणजे रद्दी.
बघणारा एकच. याकूब, इक्बालच्याच कामावरचा.

१४, बुध.
याकूबच्या खोलीवर, सनाबिसला. त्या वस्तीत सरकारविरुद्ध दंगल चाललीय; कोपऱ्यावर टायर जळत होते, पोलिसांच्या गाड्या, डोळे चुरचुरले. रूमवाला म्हणाला, तो मशिदीत इतिकाफला बसलाय. ईदचा चाँद दिसेपर्यंत मशिदीचा उंबरा ओलांडत नाही.
इतकी वर्षं कधी बसला नाही मेला. यंदाच बरी अल्लाची आठवण झाली!

१६, शुक्र.
इफ्तारीच्या ताटाबरोबर आत निरोप धाडला. उत्तर: "चाँदरातीला सही करतो, इंशाल्ला."
मला खुळी समजतो. सोमवारी चाँद दिसला तर मंगळवारी ईद, कोर्टाला कुलूप. नाही दिसला तर हा बाहेर येणार मंगळवारी मगरिबला, दिवस बुडाल्यावर, तेव्हाही कुलूपच. सुट्टी मुदतीत धरतात की नाही, त्याच्यावर विसंबू नका, म्हणतो वकील.
इक्बालच्या ताटात जेवलाय हा. मुडदा बशिवला त्याचा.

१८, रवि.
गेले. मशिदीच्या पुरुषांच्या दारात उभी राहून नावाने हाका मारल्या. याकूब आला, उंबऱ्याच्या आत थांबला.
"भाबी, इतिकाफ मोडेल."
"खोटं नको. खरं तेवढं सांग."
"माझा विझा त्याच फोरमनच्या हातात आहे."
मग काय झालं मला... कुडत्याला धरून उंबऱ्याबाहेर ओढला. कपाळ पायरीवर आपटलं. रक्त. लोक धावले. मी ओरडत होते, मोडला ना आता, कर सही! केली त्याने, रडत. कागदावर डाग पडला, ओढणीने पुसला तर आणखी पसरला.
बरं झालं. नाही, बरं नाही झालं. रोज्यात, मशिदीच्या दारात... पण इक्बालचा दात कोण परत देणार?

१९, सोम.
वकिलाने डाग बघितला. "सहीसाठी जोर केला का?"
"मच्छी कापताना बोट कापलं माझं."
अपील दाखल झालं. शिक्का बसला. संध्याकाळी चाँद दिसला. शेजारणी मुबारक द्यायला आल्या, मी दार उघडलं नाही.

२०, मंगळ. ईद
शिरखुर्मा केलाच नाही. दुपारी बेल वाजली. याकूब, कपाळाला पट्टी. आत ये म्हटलं, आला नाही.
"फोरमन विचारतोय, कपाळ कुणी फोडलं. पोलिसात चल म्हणतो. सहीचंही कळलंय त्याला. काय सांगू, भाबी?"
खरं सांग म्हणायला तोंड उघडलं. तसंच मिटलं. खरं म्हणजे सही जबरदस्तीची, अपील रद्दी.
पाणी आणते म्हणून आत आले नि हे लिहितेय. तो अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे.