नूडल्सच्या गाडीची वाटणी

प्रिय बून तेक,

घटस्फोटाच्या वेळी आपण घर, मोटार आणि तुझ्या आईचा पियानो एका दुपारात वाटून घेतला. सुआन मावशीची नूडल्सची गाडी वाटायला मात्र तीन बैठका लागल्या. मंगळवार-शुक्रवार माझे, बुधवार-शनिवार तुझे. आठ वर्षं मी हा तह प्राणपणाने पाळला, आणि आता तुझ्यापायी माझ्यावर घोर अन्याय चाललाय. गेले पाच आठवडे मावशी मला सगळ्यांच्या शेवटी वाढते. माझ्या मागून आलेला टपालवाला खाऊन, दात कोरून निघून जातो आणि मी आपली नूडल्समध्ये फोडून घालायला घरून आणलेलं बदकाचं अंडं रुमालात धरून उभी. कारण काय, तर तू तुझ्या वारी येत नाहीस! "काय बोललीस गं त्याला?" शेगडीला वारा घालता घालता ती गाडीमागच्या अख्ख्या कॉफीच्या दुकानाला ऐकू जाईल अशी ओरडते. मी म्हटलं, मी कशाला बोलू, आम्ही बोलतच नाही. तर म्हणते, "मग तेच तर!" घटस्फोट हा कचेरीतल्या कागदांचा काहीतरी घोळ आहे, अशी तिची पक्की समजूत आहे.

आपल्या पेनांग बेटावर नवरा बदलला तर कोणी विचारत नाही. गाडी बदलली तर तीन पिढ्या नावं ठेवतात. तू दुसऱ्या कुणाकडे खातोयस, या विचाराने मला कुठे बसवेना. लेख लिहायला घेतला की तिसऱ्या ओळीला उठून खिडकीशी. शेवटी गेल्या शनिवारी तुला रंगेहाथ पकडायला निघाले. आधी बाजारातला तो गॅसवर नूडल्स परतणारा, मग देवळामागची बापलेकांची गाडी, मग धक्क्यावरची नवी गाडी. नुसतं बसू देत नाहीत, म्हणून तीन प्लेटी मागवल्या. एकाच्या गोड, दुसऱ्याच्या गिचगिचीत, तिसऱ्याच्या शिंपल्या म्हणजे खोडरबर. मावशीच्या कढईतून येतो तो जळका, चरबीचा, थोडासा समुद्राचा वास, जो नाकात शिरला की आठवड्याभराची चिडचिड खांद्यांवरून उतरते, तो कुठेच नव्हता. तूही नव्हतास. चोरी पकडली गेली नाही याची मला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

धक्क्यावरच तुझी बहीण स्यू लियान दिसली, पेजेचा डबा भरून घेताना. मला बघताच तिने डबा पाठीमागे लपवला. ती मला अजून वहिनीच म्हणते. "त्याचा उजवा हात गेलाय, वहिनी, लुळा पडलाय. महिना होऊन गेला. चॉपस्टिक धरवत नाहीत, चारचौघांत खायला नको म्हणतो." मग मला का नाही कळवलंत, विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "तुला सांगू नको म्हणाला. म्हणाला, ती लिहील."

दोन शब्द. चार दिवस ते घेऊन मी घरभर फिरतेय. कारण मी लिहिलं होतंच. बारा वर्षांपूर्वी, वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदरात: 'माझा नवरा नूडल्स खात नाही, त्यांच्याशी वाटाघाटी करतो.' निसटणारी कोळंबी, शर्टावरचे डाग, काही सोडलं नाही. सगळं बेट हसलं. दुसऱ्या दिवशी तू मुकाट्याने चार गडद रंगाचे शर्ट विकत आणलेस. मी ते पाहिलं, आणि बोलले नाही. आज बुधवार, तुझा वार. भर गर्दीत मावशीकडे मधल्या टेबलावर बसून मी पांढरा ब्लाउज घालून डाव्या हाताने जेवले. चाळीस मिनिटं लागली, ब्लाउजभर डाग पडले. शाळेच्या पोरी खिदळल्या, एकीने फोटोही काढला. "हाताला काय झालं गं?" मावशीने विचारलं. काही नाही म्हटलं, तरी कात्री आणून तिने माझ्या नूडल्स बारीक कापून दिल्या. हे कुठल्याही सदरात येणार नाही. या पत्राची ही एकच प्रत. शनिवारी ये. मीही डाव्या हातानेच खाईन, तुझा उजवा परत येईपर्यंत, आणि नाहीच आला तर तसंच पुढे. ब्लाउज मी धुवायला टाकलेला नाही. तोच घालून येईन.

कागद काहीही म्हणोत, तुझीच,
गिओक चू