खालची झडप

६ मे

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र नाही म्हणून फुगली असशीलच. पण पाणीपुरवठा अभियंता मे महिन्यात माणसांत नसतो. इस्पितळाच्या नळांना तीन दिवस पाणी नाही. बायका बाळंत होतायत आणि नर्सा बादल्या शोधत फिरतायत. आणि तू धरणाच्या खालच्या झडपेतून ओढ्याला अखंड पाणी सोडतेस. कोणासाठी? तर पाणमांजरांसाठी! त्यांच्यात कोणी बाळंत झालंय का? आठ दिवस झडप बंद ठेव, ते पाणी शहराकडे येऊ दे. दुरुस्तीशिवाय ओढ्याचं पाणी तोडायचं नाही हा नियम मलाही ठाऊक आहे, म्हणून नोंदवहीच्या शेऱ्यात 'दुरुस्ती' लिही. लहानपणी माझ्यासाठी आईशी खोटं बोलायचीस, तसंच समज.

माया आहेच, तिचा ओघ जरा इकडेही वळव.

तुझा धाकटा

१० मे

चि. धाकट्यास अ. आ.

हो, बाळंत झालंय. डोहाकाठी मादीला चार पिल्लं आहेत. तुझ्या विनोदाला दाद म्हणून कळवते.

इस्पितळाचं नाव घेऊन तू माझं तोंड बंद केलंस. आजारी माणसाच्या पेल्याआधी पाणमांजर, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झडप आज सकाळी बंद केली. शेऱ्यात 'दुरुस्ती' लिहिलं. वीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं, आणि अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. जरा तरी वेडंवाकडं यायला हवं होतं. आठ दिवस म्हणजे आठच. इस्पितळात पाणी आलं की भावजयीला कळवायला सांग.

आहे तो लोभ शाबूत राहो.

तुझी ताई

१४ मे

ती. वन्संस सा. न. वि. वि.

हे म्हणाले, सगळं ठीक आहे एवढंच लिही. पण एवढंसं पत्र कोण पाठवतं हो? तुमचे उपकार किती मानू! क्लबच्या हिरवळीवरची कारंजी पुन्हा सुरू झाली. पाणी समितीच्या अध्यक्षांनी येऊन यांच्या पाठीवर थाप मारली, बढती नक्की म्हणायची. इस्पितळात टँकरच जातो. त्यांची पाइपलाइन गेल्या वर्षीच फुटली आहे, धरणातून कितीही सोडलं तरी तिथे पोचत नाही म्हणे. पावसाळ्यानंतर बघू म्हणतात. तुम्ही मात्र तब्येतीला जपा.

आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुमची भावजय

१७ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद देते, कारण सवय सुटत नाही.

धन्य आहे तुझी! फुटक्या नळाला पाणी पाजायला निघालास आणि बाळंतिणींच्या नावानं गवत भिजवलंस. अध्यक्षांची थाप पडलेली पाठ आता नीट टेकत असेल ना? भावजयीवर डाफरू नकोस. घरात खरं सांगणारं एक माणूस आहे, तेवढं तरी जप.

डोह घोट्याएवढा उरला आहे. मासे शोधत मादी लांब गेली आणि दोन पिल्लं कुत्र्यांनी नेली.

तुला बोल लावताना मला बरं वाटतंय, म्हणून आवरतं घेते. झडप मी फिरवली. इस्पितळ इथून एका फोनवर होतं. तो मी केला नाही. भावाचा शब्द तपासायचा नसतो, असल्या भाबडेपणात मी स्वतःला भली समजत राहिले.

आज झडप उघडली. नोंदवहीत खोडायची पद्धत नाही, म्हणून त्या शेऱ्याखाली लिहिलं: 'दुरुस्ती नव्हती. पाणीपुरवठा अभियंता, माझा सख्खा भाऊ, याच्या सांगण्यावरून बंद केली.' नक्कल मुख्य कचेरीत गेली. तुझी बढती अडेल. माझी नोकरीही बहुधा जाईल.

पाइपलाइन जोड. इस्पितळापुरतं पाणी शहराकडच्या वरच्या झडपेतून ओढा न तोडता देता येतं, मी मोजून पाहिलं आहे. हिरवळीपुरतं येत नाही.

उत्तर इस्पितळाच्या नळाला पाणी आल्यावरच पाठव. तोवर तुझा लोभ तुझ्यापाशीच असू दे.

ताई